जाणकार सांगतात

पिपाणीच्या बाबांच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता, आणि त्यांच्याच सलूनच्या दारावर, हिरव्या पाटीवर, ठसठशीत पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘या नळाच्या पाण्याने केस दाट होतात, असे जाणकार सांगतात.’

पाटीखाली तो नळ होता. पितळी, मानेत जरासा वाकडा, आणि कितीही घट्ट पिळला तरी टिप टिप करत ‘मी आहे हं इथे’ असं सांगत राहणारा. लोक केस कापायला येत आणि जाताना बाटली भरून नेत. त्याबद्दल बाबा कुणाकडून काही घेत नसत. त्यांना फक्त एवढंच आवडायचं, की बाटली भरताना माणूस मान वर करून पाटी वाचतो आणि हळूच स्वतःच्या भांगाला हात लावतो. एखाद्या आगाऊ गिऱ्हाइकानं बाबांच्या डोक्याकडे बघून भुवया उडवल्याच, तर उत्तर तयार असायचं. नळ भेटला तेव्हा उशीर झाला होता, बाबा कात्री न थांबवता सांगत; वाळलेल्या ओंडक्याला पाणी घालून कधी पालवी फुटलीय? आई याला ‘दिव्याखाली अंधार’ म्हणायची, पण स्वयंपाकघरात, आणि तेही कुकरची शिट्टी होत असताना.

पिपाणीला पिपाणी म्हणत कारण ती जन्मली तेव्हा म्हणे अख्खी आळी जागी झाली होती. पुढे मात्र शाळेत गेल्यावर ती पिपाणी अशी काही बंद पडली की आठवीपर्यंत तिचा आवाज वर्गात कुणी धड ऐकलाच नव्हता. हजेरीला ‘हजर’ म्हणायची तीसुद्धा शेजारणीच्या कानात. मग नववीत नव्या बाई आल्या.

नव्या बाई निबंध शिकवायच्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं की निबंध म्हणजे छान छान वाक्यांची माळ नव्हे. फळ्यावर त्यांनी तीन प्रश्न लिहिले: कोण म्हणतं? त्याला कसं कळलं? दुसरं काही असू शकतं का? कुठलाही मजकूर वाचताना हे तीन प्रश्न खिशात ठेवायचे, आणि स्वतः लिहिताना जो दावा कराल त्याच्या डोक्यावर एक बारीकसा आकडा टाकून पानाच्या तळाशी तो कुठून आला ते लिहायचं. त्याला तळटीप म्हणतात. तळटीप म्हणजे वाक्याचा पत्ता, बाई म्हणाल्या. वाक्य हरवलेलं सापडलं तर त्याला कुणाच्या घरी नेऊन सोडायचं, ते कळायला हवं.

पिपाणीला हे एवढं आवडलं की तिनं पाठ्यपुस्तक उघडलं आणि ‘सर्वांना ठाऊकच आहे की’ या शब्दांशी तिचं बोट थबकलं. कसं कोण जाणे, हात वर गेला. सर्वांना म्हणजे नेमकं कुणाला, तिनं विचारलं. मला तर नव्हतं ठाऊक. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, ‘सर्वांना’खाली दोन रेघा ओढल्या आणि पिपाणीला म्हणाल्या की हे त्यांना स्वतःला कधी खटकलं नव्हतं.

झालं. त्या दिवशी पिपाणीत जी फुंकर भरली ती भरलीच.

घरात जगणं मुश्कील झालं. आई म्हणाली, ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस, सर्दी होईल.

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते.”

“संदर्भ?”

“हा,” आई म्हणाली आणि आमटीतला डाव तसाच वर धरला. पिपाणीनं तो संदर्भ विश्वसनीय मानला आणि केस पुसले.

टूथपेस्टच्या खोक्यावर ‘दहापैकी नऊ दंतवैद्य’ असं होतं, तर पिपाणीला तो दहावा भेटायचा होता. तो काय म्हणाला ते का नाही छापलं? टेबलाच्या पायाला ठेच लागली तर ती टेबलाला दोष देण्याआधी दुसरं काही असू शकतं का ते बघायची. दादा, तिचा थोरला भाऊ, तर तिच्यासमोर हवामानाबद्दलसुद्धा बोलेनासा झाला.

अशात बाईंनी निबंध दिला. विषय: आपल्या परिसरातील एक प्रसिद्ध गोष्ट. किमान तीन संदर्भ हवेत. सगळ्यात चांगला निबंध पालकसभेत, सभागृहात, माईकवर वाचला जाणार.

पिपाणीला विचारच करावा लागला नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? प्रसिद्ध गोष्ट तर तिच्या दारातच टिपटिपत होती. निबंधाचं शेवटचं वाक्य तिनं सगळ्यात आधी लिहून टाकलं, ‘अशा प्रकारे हे पाणी केसांना गुणकारी आहे हे सिद्ध होते’, आणि मग ते सिद्ध करायला बाहेर पडली. वरात आधी निघाली आणि नवरदेव मागून शोधायचा, तसलाच प्रकार. पण नवा उत्साह होता.

संदर्भ भराभर मिळाले. बेकरीवाले काका पाव मोजता मोजता म्हणाले, अलबत, जाणकारच सांगतात तसं. शिंपीणमावशी तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाल्या की पाणी खासच आहे, केस नुसते येत नाहीत, दाट येतात. पोस्टमनकाका म्हणाले, येतात म्हणजे येतातच, अगदी खात्रीच्या माणसानं सांगितलंय. हे सांगताना त्यांनी टोपी काढून घाम पुसला, आणि टोपीखाली भर दुपारी चंद्र उगवला. पण पिपाणी त्या वेळी वहीत बघत होती. चौथा संदर्भ बाबा. शिवाय पुरावा म्हणून तिनं लिहिलं: ‘मी आठवडाभर निरीक्षण केले. सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येक माणसाला केस होते.’

बाईंनी किमान तीन मागितलेल्या संदर्भांच्या जागी चार बघून निबंध पालकसभेसाठी निवडला. पिपाणी घरी धावत गेली ती चप्पल हातात घेऊनच. बाबांनी ऐकलं, वस्तरा खाली ठेवला, पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्यांनी त्याच खुर्चीत बसलेल्या, अर्ध्या गालाला फेस असलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं. पुढच्याला सांगितलं. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आत बोलावून सांगितलं. आपली पाटी शाळेत, माईकवर, संदर्भांसकट वाचली जाणार. पालकसभेच्या दिवशी दुकान बंद राहील अशी चिठ्ठी त्यांनी आरशावर लावली. आजारपणातसुद्धा कधी बंद न राहिलेलं दुकान.

अडचण फक्त एकच होती. निबंध परत आला तेव्हा समासात लाल पेन्सिलीनं दोन गोष्टी लिहिल्या होत्या. ‘प्रत्येकाला केस होते’ याच्याशेजारी बाईंनी लिहिलं होतं: ‘ज्यांना केस नाहीत ते केस कापायला कशाला येतील?’ पिपाणीनं ते वाचलं आणि तिचे कान गरम झाले. म्हणजे पोहण्याच्या तलावात सगळे ओले आहेत हे बघून तिनं शोध लावला होता की ते ओले जन्मले.

आणि चार संदर्भांना एकत्र कंस घालून खाली: ‘छान. पण या चौघांना कसं कळलं? वाचण्याआधी हे भर.’

ते काय, एका संध्याकाळचं काम, असं म्हणून पिपाणी निघाली. पहिले बाबा. त्यांना बेकरीवाल्यांनी सांगितलं होतं; पाटी रंगवायच्या आधी, पाव घेताना. बेकरीवाल्यांना? त्यांना शिंपीणमावशींनी. आणि जाणकार? बेकरीवाल्यांनी पावाला कागद गुंडाळला. एवढी मोठी गोष्ट म्हणजे कुणीतरी जाणकारच असणार मागे, असं त्यांना वाटलं होतं. शिंपीणमावशींना? पोस्टमननी. आणि ‘दाट’? ते मावशींनी स्वतःच घातलं होतं. नुसते ‘येतात’ म्हणणं त्यांना अस्तर न लावल्यासारखं वाटलं. चार साक्षीदार एकामागे एक उभे राहून पुढच्याच्या पाठीकडे बोट दाखवत होते.

रांगेच्या शेवटी पोस्टमनकाका होते, आणि ते नळावर बाटली भरत होते.

“काका, केस येतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

पोस्टमननी तिच्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं.

“असं काय विचारतेस? तूच सांगितलंस.”

पिपाणी म्हणाली, तिनं नाही सांगितलं. पोस्टमन म्हणाले, सांगितलं, याच ठिकाणी, फ्रॉक घालून, याच पालथ्या बादलीवर उभी राहून. त्यांचा स्वतःचा भांग नुकताच मागे सरकू लागला होता त्या वेळी, म्हणून तर नीट लक्षात राहिलं. डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली होती, नळानं माझे केस आणले. आता सलूनमधलंच माणूस सांगतंय म्हटल्यावर पोस्टमननी विश्वास ठेवला. त्यांचं काय चुकलं?

उरलेलं आईनं सांगितलं, हसू दाबत, पण ते काही दबेना. पिपाणी चार वर्षांची असताना तिनं बाबांचं केस कापायचं मशीन सुरू केलं होतं आणि स्वतःच्या डोक्याच्या मधोमध कपाळापासून मानेपर्यंत एक सरळ हमरस्ता काढला होता. मग बाकीचं डोकंही सफाचट करावं लागलं. अख्खा उन्हाळा ती त्या नळाखाली डोकं धरून बसायची, कारण गार वाटायचं. केस आले, जसे कुणाचेही येतात. श्रेय नळाला मिळालं.

पिपाणी पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. चार संदर्भ, आणि चौघांच्या तळाशी जाणकार म्हणून कोण, तर बादलीवर उभी असलेली एक टकली मुलगी, जिला त्या वेळी पाचपर्यंतसुद्धा धड मोजता येत नव्हतं. साप आपलीच शेपटी गिळून बसावा आणि वर विचारावं की ही मेजवानी कुणाची, तसं.

आता धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. जुना निबंध तसाच वाचला, तर बाईंच्या तीन प्रश्नांना तोंड कसं दाखवायचं? आणि खरं वाचलं, तर बाबा पहिल्या रांगेत बसलेले असणार, इस्त्रीच्या शर्टात, सगळी गिऱ्हाइकं घेऊन. आई हसणं थांबवून एवढंच म्हणाली, की केस गेले तेव्हा तुझे बाबा एकदाही हळहळले नाहीत. पाटी लागली तेव्हा मात्र शिडीवरून सारखे उतरून रस्त्यापलीकडे जायचे, लांबून कशी दिसते ते बघायला. वडिलांचा केसानं गळा कापणारी सलूनवाल्याची मुलगी, असा मथळा पिपाणीला डोळ्यांपुढे दिसायला लागला.

एकच वाट उरली होती. नळ खरोखरच गुणकारी असला तर? चार वर्षांची मुलगी योगायोगानं बरोबर असू शकतेच की. म्हणजे प्रयोग.

बाबा दुपारी जेवून सलूनच्या खुर्चीत, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपत. पिपाणीनं सलूनमधले पाणी मारायचे दोन फवारे घेतले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात घरचं. डावीकडे नळाचं, उजवीकडे घरचं, मधल्या हद्दीवर नाकाच्या रेषेत बोट धरून ती रोज दुपारी फवारायची. बाबा झोपेत गाल खाजवून पुटपुटायचे की छत गळतंय. एकदा तर जागे होऊन त्यांनी खरंच शिडी लावून छत तपासलं. दादानं हे सगळं दारातून पाहिलं आणि आईला जाऊन सांगितलं की आता ती बाबांना रोपटं समजते.

रोज निकाल तोच: दोन्ही बाजू सारख्याच तुळतुळीत. आणि मग, पालकसभेच्या आदल्या दुपारी, डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर, एक केस.

काळा. चांगला लांब. पिपाणीनं फवारा छातीशी धरला. हा केस म्हणजे सगळं काही होता: पाटी, बाबांचा इस्त्रीचा शर्ट, माईक. ‘डाव्या बाजूस एक केस आढळला’ एवढंच लिहायचं, खाली तळटीप, ‘स्वतः केलेला प्रयोग’. खोटं काय होतं त्यात? आढळला तर होताच.

पण तो तिसरा प्रश्न खिशातून टोचायला लागला. दुसरं काही असू शकतं का? जेवायच्या आधी बाबांनी एका झुपकेदार कॉलेजकुमाराचे केस कापले होते. पिपाणीनं बराच वेळ त्या केसाकडे बघितलं. मग ओठांचा चंबू केला आणि, अगदी हळू, फुंकर मारली.

केस उडाला, खुर्चीच्या हातावर टेकला, आणि खाली आपल्या भाऊबंदांत जाऊन पडला.

पालकसभेला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत बाबा, आई, दादा, बेकरीवाले, शिंपीणमावशी आणि बाटली मांडीवर घेतलेले पोस्टमन. बाबांचं डोकं दिव्याखाली असं लखलखत होतं की पिपाणीला दुसरीकडे बघताच येईना. तिनं कागद उलगडला. आठवीतली पिपाणी असती तर तो शेजारणीच्या कानात वाचून मोकळी झाली असती.

तिनं नवा निबंध वाचला. माझा निबंध चार पायांवर उभा होता, ती म्हणाली, पण चारही पाय एकाच माणसाचे निघाले. मग तिनं रांग सांगितली: बाबा, बेकरी, शिंपीणमावशी, पोस्टमन, कुठे ‘जाणकार’ चिकटले, कुठे ‘दाट’चं अस्तर लागलं. लोक हसायला लागले होते. बेकरीवाले छताकडे बघत होते. ती प्रयोग सांगत असताना बाबांचा हात आपोआप डाव्या कानाच्या वर गेला, आणि छत का गळत होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उमटलं. मग तिनं तो उडालेला केस सांगितला. आणि शेवटी, कागदात बघतच: “म्हणून पाटीवर ज्यांचा उल्लेख आहे ते जाणकार म्हणजे मी. त्या वेळी मी चार वर्षांची होते आणि मला काहीही माहीत नव्हतं.”

सभागृह टाळ्या वाजवायच्या बेतात होतं, पण तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले. पिपाणीनं कागदाची सुरळी केली. पुन्हा उलगडली.

“म्हणजे,” बाबा म्हणाले, “पाटीवरचं ते वाक्य तुझं आहे?”

पिपाणीनं मान हलवली.

“चार वर्षांची असताना?”

पुन्हा मान.

बाबा मागे वळले आणि मागच्या सगळ्या रांगांना, जणू कुणी ऐकलंच नव्हतं अशा थाटात, सांगायला लागले की आपली इतकी वर्षांची पाटी या मुलीनं लिहिली आहे, बादलीवर उभं राहून, फ्रॉकमध्ये. आणि ती मोडूनही तिनंच काढली, संदर्भांसकट. आई त्यांचा शर्ट धरून खाली ओढत होती. ते बसेचनात. पोस्टमननी शेजारून विचारलं की मग आमच्या बाटल्यांचं काय. बाबांनी हात उडवला. पाणी गार आहे, ते म्हणाले, एवढं तर कुणीही हात लावून बघावं.

दुसऱ्या दिवशी शिडी लागली. बाबांनी पाटीवरचं एकही अक्षर पुसलं नाही. म्हणाले, लेकीच्या वाक्याला मी हात लावणार नाही. फक्त ‘जाणकार’च्या डोक्यावर एक बारीकसा पिवळा आकडा आला, पाटीच्या तळाशी एक रेघ, आणि रेघेखाली: ‘१. आमची मुलगी, तेव्हा वय वर्षे ४. केस येतात असे आता तिचेही मत नाही.’ मग ते खाली उतरले, रस्त्यापलीकडे गेले, आणि लांबून कशी दिसते ते बघून आले. सारखे बघून येत राहिले.

गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत. उलट तळटीप वाचायला लोक थांबू लागले आणि थांबलेच आहेत तर केसही कापून घेऊ लागले. पोस्टमनकाका बाटली भरायला येतच राहिले. पिपाणीनं त्यांना समजावून पाहिलं, पण त्यांचं म्हणणं, एका प्रयोगानं काय सिद्ध होतं? पिपाणीनं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, कारण खरं म्हणजे काकांचं बरोबर होतं.

त्या आठवड्यात नव्या बाई सलूनवरून जात होत्या. त्या पाटीपाशी थांबल्या. वरपासून खालपर्यंत वाचली, तळटीपसुद्धा. मान डोलावली. मग त्यांनी पर्स उघडली, लाल पेन्सिल काढली, टाचा उंचावल्या, आणि ‘वय वर्षे ४’ याच्याशेजारी लिहिलं: ‘कोण म्हणतं?’

बाबा पुन्हा शिडी आणायला गेले. पिपाणी आत ओरडून सांगत होती की दुसऱ्या तळटिपेत आईचं नाव घाला, आणि आतून आई विचारत होती की ते ठीक आहे, पण रंगाचा हा डबा माझ्या आमटीच्या पातेल्यात कुणी ठेवला. त्यावर कोण म्हणतं असं विचारायची हिंमत मात्र कुणालाच झाली नाही, कारण डाव तिच्या हातात होता.